दगडाची मागची बाजू

ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. विटोल्डने स्वतःच्या तोंडाने मला सांगितली, याच बाकावर बसून. म्हणजे याच बाकावर नाही, हा बाक मी मागच्या उन्हाळ्यात केला. आणि सगळी विटोल्डनेही सांगितली नाही. अर्धी त्याने सांगितली, अर्धी त्याच्या मेहुणीने. त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे दोन अर्धी जुळवताना मधे फट राहिली, ती मी लिंपून घेतली. पण खरी आहे. हवं तर आगीवर हात धरून सांगतो. बघा, भाजत नाही.

"भाजतोय मामा," माझी भाची यागोदा म्हणाली. "मागे घ्या."

"तू निखाऱ्यातले बटाटे बघ. आणि तुझ्या त्या मैत्रिणींना सांग, मधे मोबाइलचा दिवा लावायचा नाही. नदीकाठ आहे. उजेड लांबून दिसतो."

"कुणाला दिसतो?"

"तेच सांगतोय."

विटोल्डची बाग माझ्या बागेला लागूनच, त्या कुंपणापलीकडे. आता अंधारात दिसणार नाही. आयुष्यभर त्याने ओद्रा नदीवरचे दरवाजे सांभाळले. नाव आली की खालचा दरवाजा लावायचा, पाणी चढू द्यायचं, वरचा उघडायचा. सबुरीचं काम. माणूसही तसाच, पाणी चढेपर्यंत थांबणारा. आणि बायको मिळाली बोझेना. तिला थांबणं म्हणून माहीत नव्हतं.

बोझेना जळकी होती. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण ती स्वतःच सांगायची, "मी जळकी आहे, आधीच सांगून ठेवते." पाववालीने विटोल्डला कडेचा खरपूस पाव निवडून दिला, बोझेनाने पाववाली बदलली. ट्रामची बाई त्याच्याकडे बघून हसली, महिनाभर दोघं पायी. टीव्हीवर हवामान सांगणारी आली की बोझेना उठून आवाज बंद करायची. पाऊस येणार की नाही हे विटोल्डला शेजाऱ्याला विचारावं लागे.

पण या सगळ्या जिवंत बायका. बोझेनाची खरी सवत वेगळीच होती, आणि ती तिने कधी पाहिलेली नव्हती.

तुम्ही पोरी व्रोत्सवाफमध्ये जन्मलात, तुम्हाला हे शहर तुमचंच वाटतं. वाटू द्या. बोझेनाची आई दुसरी मोठी लढाई संपल्यावर पूर्वेकडच्या ल्वूफहून इथे आली, आगगाडीच्या गुरांच्या डब्यातून, दोन आठवड्यांचा प्रवास करून. सरहद्द सरकली, तिच्यामागे माणसं सरकली. इथले जर्मन पश्चिमेला गेले, त्यांच्या घरात आमची माणसं शिरली. बोझेनाच्या आईने दार उघडलं तर टेबलावर बशा मांडलेल्या. सूप थंड झालेलं, पण भांड्यात होतं. ती रडली, मग तिने ते गरम करून खाल्लं.

त्या बशांत बोझेना लहानाची मोठी झाली. नळावर जर्मन अक्षरं, कपाटाच्या आत जर्मन बाईने डकवलेला फुलाफुलांचा कागद, उशीच्या खोळीवर तिच्या हातची वेलबुट्टी. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट आमच्याकडे "लढाईच्या आधीचं आहे" म्हटलं की पुढे बोलणंच नाही. दार असो, किटली असो, लढाईच्या आधीची म्हणजे टिकणार. बोझेना मात्र म्हणायची, "मी कुठेच पहिली नाही. खुर्चीवर बसते तर ती तिच्या बुडाने झिजलेली. आरशात बघते तर वाटतं, त्याने आधी तिला बघितलंय."

लग्न झालं, त्याच आठवड्यात तिने आईकडून आलेल्या बशा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अंगणात टाकल्या. एकेक करून. सावकाश. विटोल्ड खाली जाऊन काचा झाडत होता.

"आता तरी बरं वाटतंय?" त्याने वर बघून विचारलं.

"अजून वाडगे आहेत," ती म्हणाली.

अशी बाई. ती एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेली. विटोल्ड महिनाभर टेबलावर दोन ताटं मांडत होता. आणि मग त्या भल्या माणसाने काय करावं... त्याने तिच्या थडग्यावर जुना दगड बसवला.

त्याच्या ओळखीचा एक पाथरवट होता. त्या पाथरवटाच्या अंगणात मागे, खाजकुइलीत, काळ्या ग्रॅनाइटचा एक दगड पडलेला, बापाच्या वेळचा. जुनी जर्मन थडगी उखडली तेव्हा असे दगड गाड्या भरभरून निघाले होते. कुठे पायऱ्या झाल्या, कुठे नदीचा काठ बांधला. हा राहिला होता. विटोल्डने त्यावर हात फिरवला, आरशासारखा गुळगुळीत. आणि तोंडून निघालंच, "लढाईच्या आधीचा आहे. टिकेल."

"मागच्या अंगाला आधीचं नाव आहे," पाथरवट म्हणाला. "घासून देऊ?"

"राहू दे. मागे झुडूप आहे. तिथे कोण बघायला जातंय?"

पुढच्या बाजूला बोझेनाचं नाव कोरलं. त्याखाली, आमच्याकडे जोडप्यांचं करतात तसं, त्याचंही. विटोल्ड, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. जागा दुहेरी घेतली होती. डावीकडे ती, उजवा अर्धा त्याचा, नुसती माती आणि त्यावर वेल. विटोल्डला त्या उजव्या अर्ध्याचा मोठा आधार वाटायचा. मूलबाळ नव्हतं. तो म्हणायचा, "बाकी काही असो, मला कुठे जायचंय ते माहीत आहे. ती कुरकुर करेल, पण सरकून जागा देईल."

हे ध्यानात ठेवा. त्याला दुसरं काही नको होतं.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरच्या एक तारखेला, सगळे संतांच्या सणाला थडग्यांवर दिवे लावायला जातात तसा तोही गेला. काचेचे दिवे, झाकणवाले. एक उरला. उरलेला दिवा परत घरी न्यायचा नसतो, ज्याचं कुणी येत नाही त्याच्यापुढे ठेवायचा. विटोल्ड झुडूप छाटायला म्हणून दगडामागे गेला होता. तिथे तिने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे नावाने. ओटिली क्राउझे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गेलेली. तिची खरी जागा आता हिरवळ आहे, लोक कुत्री फिरवतात. विटोल्डच्या मनात आलं, या दगडाशिवाय हिचं नाव पृथ्वीच्या पाठीवर कुठे असेलसं वाटत नाही. त्याने उरलेला दिवा तिथे ठेवला.

इथवर पुण्यच. पण पुढच्या वर्षी त्याने दिवा उरण्याची वाट पाहिली नाही. तिच्यासाठी मुद्दाम घेतला. तिसऱ्या वर्षी अक्षरांतलं शेवाळ दात घासायच्या ब्रशने काढलं. मग सण नसतानाही जाऊ लागला. पुढे बोझेनाला नमस्कार, दोन वाक्यं, आणि मागे जाऊन बसायचा. ओटिलीशी बोलणं सोपं होतं. ती मधे बोलत नव्हती.

"म्हणजे अफेअर," यागोदाची एक मैत्रीण म्हणाली.

"गप गं. तो तिला नदीच्या पाण्याची पातळी सांगायचा."

"तेच तर. बायकोला सांगत होता का?"

बघा, अठरा वर्षांची पोर आहे, तिला कळलं. विटोल्डला नाही कळलं.

मग बोझेनाचा दिवा विझायला लागला. काचेच्या बरणीत, झाकणाखाली, तीन दिवस जळणारा दिवा. विटोल्ड लावायचा, मागे जायचा, परत यायचा... विझलेला. मागचा जळतोय. त्याने दिव्याचा वाण बदलला. वात बघितली. दोन्ही दिवे एकाच दुकानातले घेऊन अदलाबदल करून पाहिली. पुढचा विझायचाच. शेवंतीची कुंडी नीट ठेवून यावी, तर पुढच्या खेपेला फुलांची तोंडं दगडाकडून वळलेली. आणि घरात, रात्री, तिच्या बाजूची उशी थंड. उशी थंडच असणार, त्यावर कोणी झोपत नाही. पण ही ओली थंड. मातीसारखी.

त्या वर्षी एक तारखेला बोझेनाची धाकटी बहीण इर्मिना आली. कोमेजलेली फुलं टाकायला ती झुडपाकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते.

"दाजी, मागे कोण आहे?"

"जुना दगड आहे गं. लढाईच्या आधी..."

"दगड जुना आहे ते मला दिसलं. दिवा नवा आहे. अक्षरं चकचकीत आहेत. माझ्या बहिणीच्या नावात शेवाळ आहे."

विटोल्ड वाकून बोझेनाच्या अक्षरांतलं शेवाळ नखाने काढू लागला.

"जिने बशा फेकल्या, तिच्या उशाशी तुम्ही पुन्हा एक आणून बसवलीत. पाठीला पाठ लावून. दाजी, ताई माझ्या स्वप्नात येते. वर्ष झालं. येते आणि माझ्याकडे पाठ करून बसते. मी विचारायची, ताई, कोणावर रुसलीस. आज कळलं."

"मग काय करू?"

"घासून टाका ते नाव. आणि नाही जमलं तर सांगून ठेवते, तुमच्यामागे तुम्हाला मातीत ठेवणारी मीच आहे, दुसरं कोण आहे तुम्हाला? तुम्हाला ताईशेजारी ठेवणार नाही. तिला नकोच असाल तर मी का ठेवू?"

त्या रात्री विटोल्डला झोप आली नाही. घासायला हात धजत नव्हता. या शहरात नावं घासायचं काम आपल्या बापांनी पुष्कळ केलं, एक राहिलं होतं, तेही त्याच्या वाट्याला यावं? पण उजवा अर्धा डोळ्यांपुढून हलेना. सरकून जागा द्यायला कोणी नाही... ही कल्पनाच त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नी आणि हातोडी पिशवीत टाकली. दिवसा सगळं व्रोत्सवाफ थडग्यांवर लोटलेलं, लोकांपुढे कुठे छिन्नी चालवणार? तेव्हा रात्र. आता ही रात्र नीट ऐका. दोन हजार चोवीस, नोव्हेंबरची दोन तारीख, शनिवार. मृतांच्या आत्म्यांचा दिवस. माझी आई सांगायची, त्या रात्री दफनभूमीत जिवंत माणसाने जायचं नसतं. आदल्या दिवशी आपण त्यांच्याकडे पाहुणे असतो. त्या रात्री ते आपापसात भेटतात.

विटोल्डलाही हे माहीत होतं. गेला.

मुख्य फाटक बंद होतं, नदीकडच्या भिंतीला एक खिंडार आहे तिथून शिरला. आत अंधार नव्हता. हजारो दिवे, तांबडे, पिवळे. वर ढगही तांबूस. वारा नाही. मेणाचा आणि ओल्या पानांचा वास. त्याचीच पावलं तेवढी वाजत होती.

बोझेनाचा दिवा विझलेला होता. त्याने लावला. लागला. "तुझंच काम करायला आलोय," तो तिला म्हणाला. "आता तरी रुसू नकोस."

मग तो मागे गेला.

ओटिलीचा दिवा जळत होता. तो गुडघ्यांवर बसला. टोपी काढली. छिन्नी पहिल्या अक्षरावर टेकवली. "माफ करा बाई," म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही. पण मला हिच्याजवळ निजायचंय."

हातोडी उचलली. एक घाव घातला.

टक्.

ग्रॅनाइटचा कण उडून गालाला लागला. त्याने डोळे मिटले. उघडले.

टक्.

त्याची हातोडी वर होती.

तो थांबला. दरवाज्यांवर नोकरी केलेला माणूस, थांबणं त्याला येतं. थांबला...

आणि दगडातून बोलणं ऐकू आलं.

दगडातून, की दगडाखालून. हळू. भिंतीपलीकडच्या खोलीत बायका बोलतात तसं. शब्द कळत नव्हते. पण एक आवाज बोझेनाचा. वाक्याचं शेपूट लांबवायची ल्वूफची ढब, आईकडून आलेली. चुकणं शक्य नाही.

दुसरा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

त्याला वाटलं भांडण. त्याने कान दगडाला लावला. दगड गार.

भांडण नव्हतं.

एक बोलायची. दुसरी हुंकार द्यायची. मग दुसरी बोलायची. घाई नाही. खूप दिवस चाललेलं बोलणं असतं तसं. मग बोझेना हसली.

चाळीस वर्षं. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याजवळ अशी हसली नव्हती. असं सैल. पोट धरून. सगळं बोलून झाल्यासारखं.

विटोल्ड मला म्हणाला, "भीती नाही वाटली रे. भीती नंतर." मी विचारलं, मग काय वाटलं? तो म्हणाला, "पाववाली वाटली. ट्रामवाली वाटली. त्या सगळ्या माझ्याकडे बघायच्या तेव्हा बोझेनाला जे वाटायचं ना... ते इथे." आणि त्याने छातीवर मूठ ठेवली.

तो दगडाला कान लावून होता. गुडघे भिजलेले. मत्सराने भाजत होता. कोणाच्या मत्सराने, तेही त्याला कळत नव्हतं. दोघींतली कोण त्याची होती? दोघी त्याच्या होत्या. दोघींपैकी एकीलाही तो नको होता.

"बोझेना," तो म्हणाला.

बोलणं थांबलं.

"बोझेना... मी आहे."

...

आपण खोलीत शिरलो आणि आतल्या बायका गप्प झाल्या, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? तशी ती शांतता. रिकामी नाही. भरलेली.

ओटिलीचा दिवा विझला.

तो पुढे आला. बोझेनाचा विझलेला. मग शेजारच्या थडग्यावरचा. पलीकडचा. वारा नाही. एकेक करून... सावकाश. अख्खी रांग.

तो पळाला नाही, असं त्याचं म्हणणं आहे. छिन्नी, हातोडी, टोपी आणि एक बूट तिथे राहिला, आणि तो पळाला नाही.

"बूट?" यागोदा म्हणाली.

"पुढे ऐक."

हिवाळाभर तो तिकडे फिरकला नाही. इर्मिनाला म्हणाला, काम केलं. तिने विश्वास ठेवला, कारण ताई तिच्या स्वप्नात यायची बंद झाली होती. बर्फ गेला, मार्च आला, तेव्हा विटोल्ड माझ्या दारात उभा. "चल माझ्याबरोबर. एकटा जाववत नाही."

गेलो. मागे नाव तसंच, पहिल्या अक्षराला एक टवका. पुढे बोझेनाची डावी बाजू सपाट, वेल हिरवागार. आणि उजवा अर्धा, विटोल्डचा... खचलेला. वेलासकट, वीतभर खोल.

विटोल्डला आधी नदीचं पाणी सुचलं. साहजिक आहे. पलीकडच्या रांगेत एक थडगी खणणारा काम करत होता, त्याला हाक मारली. तो आला, फावडं टेकून उभा राहिला.

"पाणी असतं तर सबंध रांग बसली असती," तो म्हणाला. "हे नेहमीचं आहे. नवं थडगं पहिल्या हिवाळ्यानंतर बसतंच. आत पेटी असते ना, ती दबते, माती खाली जाते. माती टाका वर. कधी पुरलंत?"

"इथे कोणी नाही," विटोल्ड म्हणाला. "ही माझी जागा आहे."

खणणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग परत गेला. जाताना मात्र त्याने टोपी काढली होती. मातीकडे बघून.

तर आता यात खोटं काय, ते सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. बूट माझ्या पदरचा. विटोल्ड दोन्ही बुटांनिशी घरी आला होता. दिव्यांची रांग विझली तीही माझीच, त्याचे दोनच विझले. आणि बोझेनाचं हसणं... त्याबद्दल तो कधी बोलला, कधी म्हणाला नाही बोललो. ते माझं समजा. त्यावरून तो माझ्याशी आठवडाभर अबोला धरून होता.

माती आम्ही टाकली. चार ढकलगाड्या. मे महिन्यात पुन्हा बसली, पुन्हा टाकली. विटोल्ड हल्ली दोन दिवे नेतो आणि दोन्ही पुढेच लावतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही तीन तीन दिवस जळतात. स्वतःसाठी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा बघतोय. इर्मिनाला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

परवा मी एकटा जाऊन आलो. माती परत बसलीय. मी विटोल्डला सांगितलेलं नाही, पण माझ्या खिशात बागेची मोजपट्टी होती, म्हणून मोजलं. विटोल्ड सहा फूट दोन इंच उंच आहे, ती जागा त्याच्या मापाची घेतलेली. पण खचलाय तो भाग पाच फुटांपेक्षाही कमी. आणि तो मधोमध नाही. डावीकडे सरकलेला आहे, अगदी बोझेनाला लागून.